सभामंडपाचा साग कुठला? एका खेपेची अवरक्त तपासणी

पार्श्वभूमी

घाटावरच्या एका देवस्थानाने जुना लाकडी सभामंडप उतरवून पुन्हा उभा करायचं ठरवलं. वाळवीने पोखरलेले खांब, काही तुळया आणि जवळजवळ सगळी तक्तपोशी, म्हणजे छताच्या आतल्या फळ्या, बदलायची होती. करारात लाकडाबद्दल एकच ओळ होती: 'उत्तम प्रतीचा सीपी सागवान, शासकीय आगारातील'. भावही त्याच हिशेबाने ठरला. (गाव आणि पक्षकार ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मध्य प्रांत, म्हणजे इंग्रजांचा 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस', इतिहासजमा झाला तरी लाकूडबाजारात चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला अजून 'सीपी' म्हणूनच भाव मिळतो. बल्लारशा आणि आलापल्ली ही तिथल्या सरकारी लाकूड-आगारांची नावं ऐकली की गिऱ्हाईक घासाघीस थांबवतं. २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहून साग गेला, नव्या संसद भवनातही नागपूरकडचा साग वापरला गेला. त्यानंतर विश्वस्तांच्या बैठकीत दुसऱ्या लाकडाचं नाव निघणं शक्यच नव्हतं.

पण आपल्याकडे विकला जाणारा बराचसा साग बोटीने येतो. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. त्याच्या आधीपासूनच घाना, टांझानिया, पनामा, इक्वाडोर अशा देशांतल्या लागवडींचा साग कांडला बंदरात उतरत होता, पुढे त्याच्यावरचा भर वाढला. तोही खराच साग, टेक्टोना ग्रँडिस. लागवडीतला, कोवळ्या वयात तोडलेला, कमी घेराचा, म्हणून स्वस्त. या धंद्यात फसवणूक झालीच तर ती लाकडाच्या जातीची क्वचित असते. बहुतेक वेळा असते ती गावाची.

अडचण

माल आला तो आरागिरणीत चिरून, मापात कापून. गोल ओंडक्यावर आगाराने मारलेली हातोड्याची निशाणी असते, लॉटचा नंबर असतो. चिरकाम झालं की ते सगळं सालीबरोबर आणि टोकांबरोबर निघून जातं. ठेकेदाराने वाहतूक पासची, म्हणजे टीपीची, झेरॉक्स जोडली होती आणि त्यावर शिक्के व्यवस्थित होते.

शंका काढली ती मिस्त्रींनी. त्यांनी एका खांबाचं टोक रंध्याने साफ केलं, थुंकी लावून ओलं केलं आणि नखाने वलयं मोजली. बोटभर रुंदीत जेमतेम दोन. शेजारी जुन्या मंडपातल्या तुळईचा तुकडा ठेवला, त्यात तेवढ्याच रुंदीत सात-आठ. रंधा मारताना सागाचा कातड्यासारखा जो उग्र वास येतो तोही नव्या मालात फिका होता. मिस्त्री म्हणाले, "साग नाही असं कोण म्हणतंय? पण हा डोंगरातला नाही, मळ्यातला आहे."

विश्वस्तांनी याचा अर्थ 'परदेशी' असा घेतला. ठेकेदाराला बोलावणं गेलं, त्याने देवाची शपथ घेतली, प्रकरण वकिलांकडे जायच्या बेतात आलं. तेव्हा एका विश्वस्ताने कुठेसं वाचलं होतं की किरण टाकून लाकूड कुठल्या देशाचं ते सांगणारं यंत्र निघालंय. लाकूडशास्त्राशी संबंध असल्याने त्यांनी मला गाठलं. अध्यक्षांची मागणी सरळ होती: "एका ओळीत लिहून द्या, माल कुठला."

मिस्त्रींनी लाकूड कसं वाढलं ते सांगितलं होतं. विश्वस्त विचारत होते ते कुठे वाढलं. पुढची सगळी गुंतागुंत या दोन प्रश्नांमधल्या फटीत आहे.

कोणते पर्याय होते

भिंग. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग आणि धारदार पातं. सागाच्या आडव्या छेदात वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग दिसते, काही छिद्रांत पांढरट-पिवळट साका असतो. एवढ्याने जात ठरते. गाव नाही ठरत.

डीएनए. ऐकायला सर्वांत भारी. पण वाळलेल्या गाभ्यातून धड डीएनए मिळणं कष्टाचं, आणि मिळाला तरी तो झाडाचा वंश सांगणार. आफ्रिका आणि अमेरिकेत साग मुळात नव्हताच. भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस ही त्याची नैसर्गिक भूमी. बाकी सगळीकडे बी इथूनच कधी ना कधी गेलेलं. घानातल्या झाडाचा आजा भारतातला निघाला तर त्या अहवालाचं करायचं काय?

समस्थानिकं. पावसाच्या पाण्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण प्रदेशागणिक बदलतं, स्ट्रॉन्शियमचं खडकागणिक. दख्खनच्या बेसाल्टवरचं झाड आणि जुन्या ग्रॅनाइटी जमिनीवरचं झाड यांत हा फरक लाकडात उतरतो. 'कुठे वाढलं' याला खरं उत्तर देणारी पद्धत हीच. मात्र तुलनेसाठी त्या त्या भागातल्या लाकडाच्या नोंदींचा नकाशा हाताशी लागतो. आमच्याकडे विदर्भाचा तसा नकाशा नव्हता, खर्च मोठा होता आणि पावसाळ्याआधी मंडपावर छप्पर चढायला हवं होतं.

निकट-अवरक्त वर्णपट, म्हणजे एनआयआर. साधारण ८०० ते २५०० नॅनोमीटर लांबीचे प्रकाशतरंग लाकडावर टाकायचे आणि परत येणारा प्रकाश मोजायचा. सेल्युलोज, लिग्निन, आणि गाभ्यात साठलेली तेलकट-रंगीत द्रव्यं यांत हायड्रोजन दुसऱ्या अणूंशी जोडलेला असतो ते बंध आपापल्या ठिकाणी प्रकाश शोषतात. मिळणाऱ्या वक्रात नुसत्या डोळ्यांना फार काही दिसत नाही. शेकडो बिंदू एकत्र घेऊन गणिताने फरक शोधावा लागतो. लाकूड नासत नाही, एक मोजणी मिनिटभरात होते.

या पद्धतीमागे चांगलं काम उभं आहे. ब्राझीलमध्ये महोगनीच्या चोरट्या तोडीमुळे ही गरज तीव्र झाली. २००३ पासून महोगनी साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि चोरटा माल अँडिरोबा, सीडर अशा दिसायला जवळच्या लाकडांच्या नावाखाली जाऊ शकतो. ब्राझिलियातल्या वन-उत्पादन प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी एनआयआरने ही लाकडं वेगळी ओळखून दाखवली. पुढे २७ देशांतल्या नमुन्यांवरही महोगनी महोगनी म्हणूनच ओळखली जाते हे त्यांनी प्रसिद्ध केलं.

अध्यक्षांना हे सांगितल्यावर ते खूश झाले. पण त्याच निकालाची दुसरी बाजू आपल्या कामाची होती. देश बदलला तरी ओळख बिघडत नाही, याचाच अर्थ वर्णपटात जातीची खूण ठळक असते आणि देशाची तिच्यापुढे फिकी. देशावरून महोगनी वेगळी काढण्याचेही प्रयोग झालेत आणि ते आशादायक आहेत, पण तिथे प्रत्येक देशाचे खात्रीचे नमुने आधीपासून हाताशी होते.

पहिला निर्णय: प्रश्न बदलायचा

'माल कुठला' या प्रश्नाला एनआयआरने उत्तर द्यायचं तर जगातल्या सगळ्या सागाचे नमुने लागतील. ते नाहीत. म्हणून मी विश्वस्तांपुढे दुसरा प्रश्न ठेवला: टीपीवर ज्या आगाराचं नाव आहे, तिथल्या तशाच प्रतीच्या लाकडाशी हा माल जुळतो का? 'नाही' असं उत्तर आलं तर तेवढ्यावर ठेकेदाराशी बोलता येईल. 'हो' आलं तर शंका मिटेल. 'घाना' किंवा 'पनामा' हा शब्द अहवालात येणार नाही.

बैठकीत यावर बरीच कुरकुर झाली. पैसे खर्चून अर्धं उत्तर कशाला, असा सूर होता. वकिलांनी मात्र हीच भाषा उचलून धरली, कारण करार आगाराचाच होता. परदेशी माल आहे हे सिद्ध करायची गरजच नव्हती.

नमुने

या कामात यंत्राला जेवढं महत्त्व मिळतं त्याच्या दुप्पट नमुन्यांना द्यायला हवं.

संदर्भासाठी आगाराच्या लिलावातून थेट माल घेतलेल्या दोन गिरण्यांकडून छाट मिळवली, लॉट नंबर आणि पाससकट. आयात सागाची छाट एका व्यापाऱ्याने दिली. त्याच्याकडे मालाच्या उगमदेशाचे कागद होते. इथे एक मोह टाळावा लागला. एकाच ओंडक्याच्या दहा फळ्या म्हणजे दहा नमुने नव्हेत, तो एकच नमुना दहा वेळा मोजलेला असतो. गणिताची चाचणी घेताना एकाच झाडाचे तुकडे शिकवण्याच्या गटात आणि परीक्षेच्या गटात दोन्हीकडे गेले, तर निकाल डोळे दिपवणारा येतो आणि नव्या झाडापुढे तोंडघशी पडतो. त्यामुळे झाडं आधी वाटून घेतली, मोजण्या मागाहून.

मंडपाच्या मालातून तुकडे काढले ते ठेकेदाराच्या माणसासमोर, पंचनामा करून. प्रत्येक तुकड्याचे तीन भाग: एक तपासणीला, एक ठेकेदाराकडे, एक सीलबंद देवस्थानच्या कपाटात. तुकड्यांवर फक्त सांकेतिक अंक. मोजणाऱ्याला कोणता तुकडा कशाचा हे ठाऊक नव्हतं. त्या पंचनाम्यानंतर ठेकेदाराच्या बोलण्यातला आवेश निम्मा झाला, हेही नोंदवून ठेवतो.

मोजणी

एका संस्थेच्या प्रयोगशाळेतलं मेजावरचं यंत्र मिळालं. एरवी त्यावर पशुखाद्यातली प्रथिनं आणि ओल मोजतात. हातात धरायची छोटी यंत्रंही मिळतात, पण त्यांतली बरीचशी १७०० नॅनोमीटरच्या आसपास थांबतात. सेल्युलोज-लिग्निनबद्दल पुष्कळ काही सांगणारा २००० च्या पुढचा पट्टा त्यांत येत नाही. जातीसाठी ती चालली असती; आमचा फरक त्याहून बारीक होता.

पहिल्या फेरीत गट इतके सुबक वेगळे पडले की शंकाच आली. कारण सापडलं पाण्यात. पाणी १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास जोरदार शोषण दाखवतं. मंडपाचा माल उघड्यावर ताडपत्रीखाली होता, संदर्भाची छाट कोरड्या गोदामात. यंत्राने ओला आणि सुका असे दोन ढीग केले होते, बस्स. मग सगळे तुकडे एकाच खोलीत, ओलमापकावर १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावेपर्यंत ठेवले. पृष्ठभागही सारखा केला: उन्हाने लाकडाचा वरचा थर बदलतो, म्हणून प्रत्येक तुकडा ताजा रंधून, एकाच नंबरच्या पॉलिशपेपरने घासून लगेच मोजला. बाहेरचं पांढरं लाकूड पूर्ण वगळलं, फक्त गाभा घेतला.

पाण्याचा गोंधळ गेल्यावरही फरक उरला, पूर्वीपेक्षा कमी आणि जास्त विश्वासाचा. मंडपाच्या तुकड्यांतले बरेचसे आगाराच्या गटाबाहेर पडत होते आणि आयात गटाच्या जवळ बसत होते.

दुसरा निर्णय: भूगोल की वय?

इथे थांबलो असतो तर अध्यक्षांना हवी ती ओळ मिळाली असती.

पण आगाराची छाट मोठ्या घेराच्या, जुन्या झाडांची होती. आयात माल कोवळ्या लागवडीचा. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं साठतात, वाळवी आणि बुरशी त्यांनाच दबून असतात, आणि झाड जसं वयात येतं तशी ती वाढत जातात. मधल्या भागातलं कोवळ्या वयाचं लाकूडही बांधणीने निराळं असतं. मग यंत्र विदर्भ आणि आफ्रिका यांतला फरक दाखवतंय, की म्हातारं आणि पोरसवदा झाड यांतला?

हे तपासायला तिसरा गट हवा होता: विदर्भातलाच, पण कोवळा साग. लागवडीच्या विरळणीतून, म्हणजे गर्दी कमी करायला मधली झाडं तोडतात त्यातून, निघालेला माल आणि शेतकऱ्यांच्या बांधावरचा मालकीचा साग, असे तुकडे मिळवले. यात काम लांबलं आणि विश्वस्त वैतागले.

तिसरा गट आल्यावर चित्र बदललं. विदर्भाचा कोवळा साग आणि आयात साग एकमेकांत बऱ्यापैकी मिसळले. जुन्या आगाराचा गट दोघांपासून बाजूला राहिला. मंडपाचे शंकास्पद तुकडे कोवळ्यांच्या मिश्र ढिगात पडले. म्हणजे यंत्राने मिस्त्रींचं म्हणणं खरं ठरवलं होतं, विश्वस्तांचं नव्हे. लाकूड मळ्यातलं होतं. मळा कुठल्या देशातला, हे या मोजणीतून निघत नव्हतं.

गणिताची पद्धत निवडतानाही हाच धोका होता. नेहमीच्या वर्गीकरणात यंत्राला 'अ की ब' एवढंच विचारलं जातं, आणि ते कुठलं ना कुठलं नाव देतंच. आमच्याकडे नमुनाच नसलेल्या देशाचं लाकूड दिलं असतं तरी त्याने मुकाट्याने अ किंवा ब म्हटलं असतं. म्हणून शेवटचा निकाल एका गटाच्या कसोटीवर घेतला: जुन्या आगाराच्या लाकडाची सीमा आखायची आणि प्रत्येक तुकडा तिच्या आत की बाहेर एवढंच बघायचं.

निष्कर्ष आणि त्यानंतर

अहवालात तीन वाक्यं महत्त्वाची होती. सर्व तुकडे सागाचेच आहेत (हे भिंगानेही ठरलं होतं). तुळयांचे बहुतेक तुकडे आगाराच्या जुन्या सागाशी जुळतात. खांबांचे आणि तक्तपोशीचे बहुतेक तुकडे जुळत नाहीत, ते कोवळ्या लागवडीच्या सागासारखे आहेत. सीमेवर पडलेल्या थोड्या तुकड्यांबद्दल 'सांगता येत नाही' असं लिहिलं. अध्यक्षांनी "निदान तोंडी तरी देश सांगा" म्हणून पुन्हा विचारलं. तोंडीही सांगितला नाही.

अहवाल मिळाल्यावर वकिलांनी टीपी पुन्हा काढली आणि एक साधा हिशेब मांडला. आगार घनमीटरमध्ये विकतं, मिस्त्री घनफुटांत मोजतो. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट. गोल लाकूड चिरलं की साल, पांढरा भाग, भुसा आणि वाकडी टोकं जाऊन निम्म्याच्या आसपासच कामाचा माल हाती येतो. टीपीवरच्या घनमीटरांतून तुळया निघाल्या असत्या. तुळया, खांब आणि तक्तपोशी हे सगळं निघणं शक्य नव्हतं.

वर्णपट आणि हिशेब, दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवत होते. त्यापुढे ठेकेदाराने ताणलं नाही. तुळया लिलावाच्या मालातल्या, बाकीचा 'दुसऱ्या गोदामातून भरून घेतला' असं त्याने कबूल केलं. तो माल कुठून आला होता हे शेवटपर्यंत त्याने सांगितलं नाही, आणि तडजोडीसाठी त्याची गरजही पडली नाही. खांब बदलून मिळाले, या वेळी ओंडके निशाणीसकट मिस्त्रींना दाखवून मगच चिरले. तक्तपोशी तशीच ठेवली, कमी भावाने. मिस्त्रींचं मत पडलं की छताला भार नाही, पाणी लागणार नाही, कोवळा साग तिथे चांगला टिकेल. दोन विश्वस्तांना ते आजही पटलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

टीपीचा हिशेब सर्वांत आधी व्हायला हवा होता. त्याला यंत्र लागत नाही, संध्याकाळचा एक तास लागतो. तो आधी झाला असता तर तुळया तपासायची गरज उरली नसती आणि सगळा वेळ खांबांवर देता आला असता.

कोवळ्या विदर्भी सागाचा गट पहिल्याच दिवसापासून यादीत हवा. 'बाहेरचं' आणि 'इथलं' अशी तुलना करताना दोन्हीकडे वय, घेर आणि गाभ्यातली जागा सारखी नसेल तर पुढचं गणित कितीही सफाईदार असलं तरी फुकट. एनआयआरने मूळ गाव ओळखल्याचे दावे वाचताना मी आता आधी नमुन्यांचा तक्ता बघतो.

समस्थानिकांची तपासणी टाळली ते या प्रकरणात बरोबर होतं, असं मला वाटतं. तंटा लाखांचा असता, किंवा बंदी असलेल्या देशाच्या मालाचा फौजदारी मामला असता, तर एनआयआर फक्त चाळणी म्हणून वापरून निवडक तुकडे तिकडे पाठवावे लागले असते. तसंच बेंगळुरूची काष्ठविज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था किंवा देहरादूनची वन संशोधन संस्था यांच्याकडून जातीचा दाखला घ्यावा लागला असता, कारण कोर्टात भिंगाची साक्ष चालते, पण ती कोणाच्या हातच्या भिंगाची हे विचारलं जातं.

राहिला करार. 'उत्तम प्रतीचा सीपी सागवान' या शब्दांत मोजता येईल असं काहीच नव्हतं. ठेकेदार हटून बसला असता, तर विरळणीचा कोवळा सागही सीपीचाच आणि आगारातलाच आहे असं म्हणायला त्याला वाव होता. देवस्थानने पुढच्या टप्प्यासाठी, नगारखान्यासाठी, मसुदा बदलला आहे: आगाराचं नाव आणि लॉट नंबर, ओंडक्याचा किमान घेर, गाभ्यात दर इंचाला किमान वलयं, पांढऱ्या लाकडाची कमाल रुंदी, चिरण्याआधी निशाणीची तपासणी, आणि प्रत्येक लॉटची एक छाट दोघांच्या सह्यांनी सीलबंद. वलयांचा आकडा किती ठेवायचा यावर मिस्त्री आणि नवा ठेकेदार यांची घासाघीस अजून चालू आहे.